फितुरांचे गणित : सहमतीच्या एका कल्पनेचा प्रवास

शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, पैठणात एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. जवळजवळ तीनशे वर्षांच्या नकलांमध्ये साचलेले अपपाठ त्यांनी दूर केले आणि यापुढे कोणी आपली ओवी या ग्रंथात घालू नये, असे बजावून ठेवले. मराठी पाठचिकित्सेच्या इतिहासात हा प्रसंग आपण मानाने शिकवतो. त्यात दडलेला एक प्रश्न मात्र सहसा शिकवला जात नाही. एकनाथांची प्रत प्रमाण ठरली, कारण ती एकनाथांची होती. असा सर्वमान्य पुरुष नसेल, प्रती अनेक असतील, त्या सांभाळणारे दूरदूरच्या गावी बसलेले असतील आणि त्यांपैकी काही जण जाणूनबुजून खोटे बोलत असतील, तर खरी प्रत कोणती हे ठरवायचे कसे?

संगणकशास्त्राने गेली पंचेचाळीस वर्षे नेमक्या याच प्रश्नाचा पाठपुरावा केला आहे. विमानातील संगणकांसाठी सुरू झालेले हे संशोधन प्रयोगशाळांतून बाहेर पडले, ब्लॉकचेन नावाच्या नोंदवह्यांचा पाया बनले आणि मुंबईत जन्मलेल्या अशा एका नोंदवहीमार्गे गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीच्या जातप्रमाणपत्रांपर्यंत येऊन पोहोचले. साक्ष, प्रत, प्रक्षेप आणि प्रामाण्य हे साहित्याच्या अभ्यासकांचे रोजचे शब्द आहेत. म्हणून या प्रवासाचा इतिहास त्यांनी वाचावा, असे आम्हांस वाटते.

सुरुवात आपल्याच दप्तरांतून करता येईल. मराठेशाहीत वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. वादी-प्रतिवादी आधी राजीनामा लिहून देत. या शब्दाचा आजचा अर्थ बाजूला ठेवावा. सभेचा निवाडा आम्ही मान्य करू, असे राजीखुशीने लिहून देणे हा त्याचा तेव्हाचा अर्थ. मग जामीन घेतले जात, साक्षी होत आणि निवाड्याचा कागद, म्हणजे महजर, तयार होई. महजराच्या आरंभी हाजीर मजालस, म्हणजे सभेस उपस्थित असलेल्यांची यादी असे. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी आणि बलुतेदारांच्या नावांपुढे ज्याच्या त्याच्या हत्याराची. हरणाऱ्याकडून येजितखत घेतले जाई. गावच्या गोतावर विश्वास नसेल तर दुसरे थळ मागण्याची सोय होती. राजवाडे आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी असे असंख्य कागद प्रसिद्ध केले आणि वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात या साऱ्या पद्धतीची शिस्तशीर मांडणी केली.

या व्यवस्थेचे मर्म असे की, एका माणसाच्या शब्दाऐवजी अनेकांच्या एकत्रित साक्षीला प्रामाण्य दिले होते. तिची दुर्बलताही तिथेच होती. वतनांच्या तंट्यांत बनावट कागद पुढे केल्याचे आरोप पुन्हापुन्हा दिसतात. पण पंचांपैकी किती जण फितूर असले तरी निवाडा खरा राहील, हा हिशेब कोणी मांडला नव्हता. तसा तो मांडता येतो, हीच मुळात विसाव्या शतकाची कल्पना.

हा हिशेब पहिल्यांदा झाला तो कॅलिफोर्नियातील एसआरआय या संशोधनसंस्थेत. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या नासा या संस्थेसाठी तिथे एक प्रकल्प चालू होता. विमानाचे नियंत्रण संगणकाकडे द्यायचे, तर एक संगणक बिघडला तरी विमान पडता कामा नये. म्हणून अनेक संगणक ठेवायचे आणि त्यांच्या एकमताने चालायचे. अडचण अशी निघाली की बिघडलेले यंत्र नुसते बंद पडत नाही. ते एका शेजाऱ्याला एक आकडा सांगते आणि दुसऱ्याला दुसराच. बंद पडलेल्या यंत्राला मुका साक्षीदार म्हणता येईल, पण हा तर दुतोंड्या साक्षीदार झाला. मार्शल पीझ, रॉबर्ट शॉस्टाक आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० साली या प्रश्नाचे गणिती उत्तर प्रसिद्ध केले आणि १९८२ साली त्याच तिघांनी तेच उत्तर एका गोष्टीच्या रूपाने पुन्हा मांडले.

ती गोष्ट अशी. एका शहराला वेढा पडला आहे. सेनापती वेगवेगळ्या छावण्यांत आहेत आणि निरोप जासुदांमार्फतच जातात. सर्वांनी एकदम हल्ला केला तर जय, सर्वांनी एकदम माघार घेतली तर निभाव. निम्म्यांनी हे आणि निम्म्यांनी ते केले तर सर्वनाश. आणि काही सेनापती फितूर आहेत. लॅम्पोर्ट यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे की, हे सेनापती आधी अल्बेनियाचे होणार होते. पण जगात अल्बेनियन माणसे आहेत, त्यांना वाईट वाटेल, असे एका सहकाऱ्याने सुचवल्यावर नष्ट झालेल्या बायझंटाइन साम्राज्याची निवड झाली. तेव्हापासून संगणकाच्या दुतोंडीपणाला ‘बायझंटाइन दोष’ असे नाव पडले. मराठी बखरी वाचणाऱ्यांना या परक्या नावाची गरज नाही. त्यांच्यासाठी हा सरळ ‘फितुरीचा प्रश्न’ आहे.

उत्तर थोडक्यात सांगता येते. एका फितुराला पुरून उरायचे तर किमान चार जण हवेत. दोघांना पुरून उरायचे तर सात. म्हणजे फितुरांच्या तिपटीहून एक अधिक. यामागचे तर्कशास्त्र पंचांच्या भाषेत असे मांडता येईल. चार पंच आहेत आणि त्यांतला एक फितूर असू शकतो. फितूर मुद्दाम गप्प बसला तर चौथ्याच्या उत्तरासाठी कायम ताटकळावे लागेल, म्हणून तिघांचे उत्तर आले की पुढे गेले पाहिजे. पण गप्प राहिलेला बिचारा प्रामाणिक असून केवळ त्याचा जासूद वाटेत अडकलेला असू शकतो. मग त्या तिघांतच एक फितूर निघेल. तरीही उरलेले दोघे त्या एकाला पुरे पडतात. आता मूळ संख्या तीनच धरून पाहा. दोघांच्या उत्तरावर चालावे लागते, त्यांतला एक फितूर असू शकतो आणि एकास एक अशी कोंडी होते. तिथे कितीही हुशार निवाडा करणारा बसवला तरी उपयोग नाही.

पुढची वीस वर्षे हे संशोधन बव्हंशी शोधनिबंधांत राहिले. १९८५ साली फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांनी तर असे सिद्ध केले की, निरोप पोहोचायला किती वेळ लागेल याची कोणतीच मर्यादा नसेल, तर एकच यंत्र बंद पडण्याची शक्यतासुद्धा सहमतीची हमी मोडायला पुरेशी आहे. १९८८ साली ड्वर्क, लिंच आणि स्टॉकमायर यांनी त्यातून वाट काढली. निरोप काही काळ भरकटतील, पण केव्हातरी वेळेत पोहोचू लागतील, एवढेच गृहीत धरावे. भरकटलेल्या काळात निवाडा लांबला तरी चालेल, मात्र चुकीचा निवाडा कधीही होऊ नये. ‘चुकण्यापेक्षा थांबलेले बरे’ हे तत्त्व आणि त्याची किंमत यांचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

याच काळातली एक हकीकत वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. १९९० साली लॅम्पोर्ट यांनी सहमतीची आणखी एक पद्धत शोधून लेख पाठवला. ही पद्धत फितुरांचा विचार करत नव्हती, केवळ गैरहजरांचा करत होती. रूपकाने एकदा साथ दिली म्हणून त्यांनी पुन्हा गोष्ट रचली. ग्रीसमधील पॅक्सॉस बेटावर उत्खननात सापडलेली एक प्राचीन संसद, तिचे कामचुकार सभासद आणि त्यांच्या खातेवह्या, असा सारा थाट होता. परीक्षकांना विनोद रुचला नाही. लेख १९९८ साली छापून आला आणि २००१ मध्ये लॅम्पोर्ट यांना तीच गोष्ट रूपकाविना, साध्या गद्यात पुन्हा लिहावी लागली. एका लेखकाचे एक रूपक विचार दूरवर घेऊन गेले आणि दुसऱ्याने तोच वाटेत अडवून धरला. शास्त्रीय लेखनात अलंकार केवळ शोभेसाठी असतात, असे म्हणणाऱ्यांनी या दोन निबंधांची दैवे शेजारी ठेवून पाहावीत.

फितुरीचा प्रश्न व्यवहारात उतरला तो १९९९ साली. मिगेल कास्त्रो आणि बार्बरा लिस्कोव्ह यांनी एमआयटीत तयार केलेल्या पद्धतीच्या नावातच ‘प्रॅक्टिकल’ हा शब्द होता. एक प्रमुख प्रस्ताव मांडतो. प्रत्येक जण इतर प्रत्येकाला सांगतो, ‘मी हे ऐकले.’ पुरेशांकडून असे ऐकल्यावर प्रत्येक जण पुन्हा सर्वांना सांगतो, ‘पुरेशांनी ऐकल्याचे मी ऐकले.’ ही दुसरी फेरी पाल्हाळ वाटेल, पण सारे बळ तिच्यात आहे; मला माहीत आहे एवढे पुरत नाही, इतरांनाही ते माहीत आहे याची खात्री लागते. प्रमुखच फितूर निघाला तर त्याला हटवून दुसरा बसवण्याची तरतूद होती. या पद्धतीवर त्यांनी फायली साठवणारी व्यवस्था चालवून दाखवली आणि ती नेहमीच्या व्यवस्थेपेक्षा केवळ ३ टक्के मंद निघाली. तोवर फितूर-सहिष्णुता ही महागडी चैन समजली जात होती. तो समज इथे ढळला.

तरीही मोठा अडसर शिल्लक होता. या सभेचे सभासद आधीपासून ठरलेले असत. शिवाय प्रत्येकाने प्रत्येकाशी बोलायचे म्हटले की शंभर सभासदांच्या एका फेरीत सुमारे दहा हजार निरोप होतात. आणि कागदावरून यंत्रात उतरताना काय होते, हे गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली पॅक्सॉसबद्दल लिहून ठेवले आहे. कागदावर पानभर मावणारी पद्धत प्रत्यक्षात हजारो ओळींची झाली, कारण डिस्क बिघडणे, आवृत्ती बदलणे, माणसाने चुकीची आज्ञा देणे यांपैकी काहीच त्या पानावर नव्हते. संहिता आणि प्रयोग यांतले हे अंतर नाटकवाल्यांना नवे नाही.

सभासद ठरलेले नसतील तर काय, याचे उत्तर अनपेक्षित दिशेने आले. ऑक्टोबर २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनची मांडणी प्रसिद्ध झाली आणि जानेवारी २००९ मध्ये ते जाळे सुरू झाले. सभेचे दार सताड उघडे ठेवले की एकच लबाड हजार नावांनी आत येऊन बसेल. म्हणून नाकामोतोंनी डोकी मोजणे सोडून दिले आणि संगणकाने केलेले कष्ट मोजले. प्रत्येक नोंदीच्या गठ्ठ्यात आधीच्या गठ्ठ्याचा गणिती ठसा गुंफलेला असल्याने जुनी नोंद बदलायची तर पुढची सारी साखळी पुन्हा कष्टाने घडवावी लागते. मात्र इथे निवाडा कधीच पूर्ण होत नाही. तो दर गठ्ठ्यागणिक अधिकाधिक पक्का होत जातो. वर विजेचा खर्च प्रचंड.

या दोन परंपरांचा सांधा २०१४ मध्ये जुळला. जे क्वान यांनी ‘टेंडरमिंट’ नावाची पद्धत मांडली. पुढे इथन बकमन यांनी २०१६ साली कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात तिच्यावर प्रबंध लिहिला. सभेत बसू पाहणाऱ्याने ठेव ठेवायची. मतांचे वजन ठेवीच्या प्रमाणात. दोन तृतीयांशाहून अधिक वजन एका बाजूला आले की निवाडा कायम. आणि एकाच वेळी दोन तोंडांनी बोलल्याचे सिद्ध झाले तर ठेव जप्त. ड्वर्क आणि मंडळींचे १९८८ चे गृहीतक, कास्त्रो-लिस्कोव्ह यांच्या दोन फेऱ्या आणि आपल्या गोतसभेतला जामीन, हे तिन्ही इथे एकत्र दिसतात. अर्थात जामिनाशी असलेले हे साम्य आमचे निरीक्षण आहे. त्या संशोधकांनी महजर वाचले होते असे सुचवण्याचा हेतू नाही.

हे सूत्र महाराष्ट्रात आले ते मुंबईमार्गे. जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी २०१७ साली ‘मॅटिक’ हा प्रकल्प सुरू केला. मिहाइलो बेलिक नंतर त्यांना मिळाले. इथेरियम ही मोठी साखळी गर्दीने मंद आणि महाग झाली होती. तिच्या शेजारी हलकी, स्वस्त साखळी चालवायची आणि ठरावीक अंतराने तिचा गोषवारा इथेरियमवर नोंदवायचा, अशी ही कल्पना. २०२० मध्ये साखळी चालू झाली आणि २०२१ च्या फेब्रुवारीत तिचे नाव ‘पॉलिगॉन’ झाले. तिच्यातल्या ज्या थरात सुमारे शंभर व्हॅलिडेटर, म्हणजे ठेवदार पंच, मत देत, त्याचे नाव ‘हेमडाल’. हा नॉर्स पुराणांतला देवांचा पहारेकरी. या थराची घडण टेंडरमिंटवर झाली होती. २०२५ च्या जुलैत तो टेंडरमिंटच्याच वंशातील ‘कॉमेटबीएफटी’ या नव्या पद्धतीवर नेण्यात आला.

१० मार्च २०२२ रोजी हा पहारेकरी अडखळला. एका सुधारणेनंतर व्हॅलिडेटरांमध्ये साखळीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या झाल्या, कोणत्याच आवृत्तीमागे दोन तृतीयांश वजन उभे राहिना आणि सुमारे ११ तास कामकाज बंद राहिले. वर्तमानपत्री भाषेत हा बिघाड. पण इतिहास पाहिलेल्याला यात १९८८ चा तो निर्णय ओळखू येईल. एकमत होत नसेल तर सभेने गप्प बसावे, चुकीचा निवाडा देऊ नये. इथे कोणी फितूर नव्हता. प्रामाणिक यंत्रेच केवळ वेगवेगळी पोथी वाचत होती. गणिताला मात्र या दोहोंत फरक करता येत नाही. शिवाय साखळी पुन्हा चालू केली ती पद्धतीने नव्हे, तर एकमेकांशी बोलून दुरुस्ती करणाऱ्या माणसांनी. फितुरी पचवणाऱ्या सभेच्या मागे माणसांची आणखी एक सभा असते आणि ती कोणत्याही शोधनिबंधात नसते.

त्याच मार्च महिन्यात एटापल्लीचा उपक्रम जाहीर झाला. २०२१ मध्ये राज्याच्या कौशल्य विकास मंडळाने पदविका प्रमाणपत्रांसाठी ब्लॉकचेनचा आधार घेतला होता. आता बहुसंख्य आदिवासी वस्तीच्या एटापल्लीतील सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रांची नोंद पॉलिगॉनवर करण्याचे ठरले. प्रमाणपत्राचा गणिती ठसा साखळीवर आणि कागदावर क्यूआर कोड; कोणीही तपासावे, ठसा जुळला तर कागदात फेरफार नाही. खोट्या प्रमाणपत्रावर राखीव जागा लाटली जाते तेव्हा ती नेमकी कोणा माडिया मुलाची किंवा मुलीची असते, हे लक्षात घेतले म्हणजे या उपक्रमामागचा हेतू क्षुल्लक म्हणता येणार नाही.

परंतु इथेच आमचे मुख्य म्हणणे मांडावयाचे आहे. पंचेचाळीस वर्षांच्या या संशोधनाने जे साधले ते पाठरक्षणाचे काम आहे. लिहिले गेले ते बदलले नाही, याची ग्वाही ते देते. लिहिले गेले ते खरे होते, याची ग्वाही ते देत नाही आणि देऊ शकतही नाही. खोट्या दाखल्याचा ठसासुद्धा तितक्याच निष्ठेने जपला जाईल. बनावट कागद हा एक अपराध. खऱ्या कार्यालयातून, खऱ्या शिक्क्यानिशी निघालेला खोटा दाखला हा दुसरा. पहिल्याला साखळी अडवते. दुसरा तिच्या उंबरठ्याच्या आतून येतो.

जातप्रमाणपत्राच्या बाबतीत तर प्रश्न याहून खोल आहे. २००१ पासून अंमलात असलेल्या राज्याच्या कायद्यानुसार जातीचा दावा सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावरच आहे आणि प्रमाणपत्र मिळाल्यावरही पडताळणी समितीची पायरी उरते. अनुसूचित जमातींसाठी १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांसाठी १९६७ पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी शाळेची पायरी चढले, तिथे हा जुना कागद कुठून येणार? सहमतीची अत्याधुनिक पद्धत त्या विद्यार्थ्याच्या खांद्यावरचा हा भार तसूभरही हलका करत नाही.

आम्ही मराठवाड्यातले असल्याने हे आम्हांला अधिकच जाणवते. १९४८ पर्यंतचे आमचे दप्तर निजामी राजवटीचे. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध घेतला आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरच्या आधाराबाबतचा शासननिर्णय निघाला. या साऱ्या काळात मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची किंमत एकाएकी वाढली. वाद कोणत्या गोष्टीवर होता हे पाहावे. लिहिल्यानंतर कागद बदलला का, हा मुख्य प्रश्न नव्हता. लिहिणाऱ्याने काय विचारले, कोणाला कोणत्या नावाखाली बसवले, कोणाला वगळले, आणि तो शब्द आज कसा वाचायचा, हे प्रश्न होते. त्यांना दोन तृतीयांशांचे उत्तर नाही. पाठचिकित्सेत प्रती मोजत नाहीत, तोलतात. शंभर नकला एकाच अपपाठावरून उतरलेल्या असतील तर त्यांची सहमती एका चुकीइतकीच वजनदार असते.

आणखी एक भेद सांगून थांबतो. महजराच्या माथ्यावर हाजीर मजालस असे. निवाडा वाचणाऱ्याला पंच कोण ते आधी कळे. सह्यांचा क्रम मानाचा होता, जातींची उतरंड त्यात उघड दिसत होती. ती सभा आदर्श म्हणावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण तिचा पक्षपात नावानिशी नोंदलेला असल्याने आज तिच्यावर बोट ठेवता येते. साखळीवरही पंचांची यादी उघडी असते, त्यांच्या ठेवी मोजता येतात. फक्त एटापल्लीच्या अर्जदाराला तिथे ओळखीचे एकही नाव सापडणार नाही, आणि मताचे वजन ठेवीवर ठरते हेही त्याला कोणी सांगितलेले नसते. गणिताने फितुरांची संख्या किती चालेल ते अचूक सांगितले. पंच कोणी व्हावे, हे त्याने सांगितलेले नाही. तो प्रश्न त्याच्या कक्षेतला नव्हे.

तेव्हा प्रमाणपत्रे साखळीवर जरूर जावीत. मात्र त्या खर्चातला काही वाटा साखळीच्या अलीकडच्या टोकाला, म्हणजे जीर्ण होत चाललेल्या रुमालांकडे, मोडी-उर्दू वाचू शकणाऱ्या विद्यार्थ्यांकडे आणि कागदच नसलेल्या घरांच्या तोंडी साक्षीकडे वळला पाहिजे. मराठी आणि इतिहास विभागांतून मोडीचे वर्ग चालतात, तिथे पटावर किती जण आहेत हे ज्याने त्याने आपल्या महाविद्यालयात पाहावे.